टीव्हीवर आलेलं भूत आणि आप्तवाक्याचा प्रश्न



३१ ऑक्टोबरच्या रात्री इथल्या विद्यार्थ्यांच्या चित्रपट मंडळाने हॅलोविनच्या निमित्ताने ‘घोस्टवॉच’ हा बीबीसीचा जुना कार्यक्रम दाखवला आणि त्यावर नंतर कोणीतरी बोलावं म्हणून मला बोलावलं. काही ज्येष्ठ मंडळींनी विचारलं, की पुण्यात हॅलोविन कशाला? माझं त्यांना एवढंच सांगणं आहे, की सर्वपित्री अमावास्येला पान वाढून कावळ्याची वाट बघणाऱ्या माणसांना, गेलेले लोक वर्षातून एकदा जवळ येतात ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. तो वाद आपण बाजूला ठेवू.

मला रस आहे तो विद्यार्थ्यांच्या एका प्रश्नात. कार्यक्रम बघून बरेच जण हसले आणि मग म्हणाले, “सर, हे लोकांना खरं वाटलं? इतकी भोळी होती का माणसं?” आजचं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. उत्तर आधीच सांगून टाकतो : नव्हती. आणि ती भोळी नव्हती हे नीट समजून घेतलं, तर आपल्याबद्दल काही गोष्टी कळतात.

आधी हकीकत सांगतो, म्हणजे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनाही पुढचं समजेल.

३१ ऑक्टोबर १९९२, शनिवार. रात्री साडेनऊच्या सुमारास बीबीसी वन या मुख्य वाहिनीवर हा कार्यक्रम लागला. लेखक स्टीफन व्होल्क, दिग्दर्शिका लेस्ली मॅनिंग. कार्यक्रमाची रचना अशी, की हे थेट प्रक्षेपण आहे. लंडनच्या नॉर्थोल्ट भागातल्या एका साध्या घरात भूत आहे असं तिथली आई आणि तिच्या दोन मुली सांगतात. घरात कॅमेरे बसवलेत. बीबीसीची निवेदिका त्या कुटुंबाबरोबर रात्र काढणार आहे. स्टुडिओत एक मानसशास्त्राच्या अभ्यासक बाई बसल्यात, दूर न्यूयॉर्कमध्ये एक शंकेखोर तज्ज्ञ बसलाय. आणि प्रेक्षकांसाठी एक फोन नंबर पडद्यावर दिसतोय : तुम्हाला काही दिसलं तर कळवा.

यातलं काहीही थेट नव्हतं. सगळं काही महिने आधी चित्रित झालं होतं. कुटुंब म्हणजे नट, तज्ज्ञ म्हणजे नट. पण निवेदक मात्र नट नव्हते. स्टुडिओत होते मायकेल पार्किन्सन. घरात होती सारा ग्रीन, ब्रिटनमधल्या मुलांच्या कार्यक्रमांतला अत्यंत ओळखीचा चेहरा. फोन सांभाळायला माइक स्मिथ, जो प्रत्यक्षातही तिचा नवरा. रस्त्यावर क्रेग चार्ल्स. सगळे आपापल्या खऱ्या नावाने.

पार्किन्सन म्हणजे कोण, हे आपल्याकडच्या माणसाला कसं सांगायचं? मुंबई दूरदर्शनवर सातच्या बातम्या लागायच्या ते दिवस आठवा. प्रदीप भिडे बातम्या द्यायचे. समजा, एका संध्याकाळी त्याच आवाजात, त्याच संथ लयीत, धरणांच्या पाणीसाठ्यानंतर बातमी आली असती की सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात भूत आहे आणि आमचा प्रतिनिधी तिथे उपस्थित आहे, तर? तुम्ही भुतावर विश्वास ठेवला नसता कदाचित. पण तुम्ही भिड्यांवर अविश्वासही दाखवला नसता. मधल्यामध्ये अडकला असता. ‘घोस्टवॉच’च्या प्रेक्षकाची अवस्था नेमकी तीच झाली.

आता हे लक्षात घ्या, की फसवणूक लपवलेली नव्हती. कार्यक्रम ‘स्क्रीन वन’ या नाट्यमालिकेत होता. सुरुवातीला लेखकाचं नाव पडद्यावर आलं होतं. टीव्हीच्या साप्ताहिकात नटांची नावं छापली होती. म्हणजे पाटी लावलेली होती. पाटी चालली नाही. का चालली नाही, याकडे आपण येणार आहोत.

त्या कथेचं मूळही एका गाजलेल्या प्रकरणात होतं. १९७७ साली उत्तर लंडनच्या एन्फील्डमध्ये एका आईने आणि तिच्या मुलांनी तक्रार केली, की घरात वस्तू हलतात, भिंतीवर ठकठक होते. वर्तमानपत्रवाले आले, मानसिक संशोधन करणाऱ्या संस्थेची माणसं आली, ध्वनिफिती भरल्या गेल्या. व्होल्कने त्या प्रकरणाची चौकट उचलली : गरीब वस्तीतलं घर, एकटी आई, वयात येणाऱ्या मुली, यंत्रं आणि तज्ज्ञ.

कार्यक्रमातली सर्वांत हुशार जागा मध्यावर आहे. घरातल्या मोठ्या मुलीला कॅमेरा पकडतो. तीच आवाज करत असते! पार्किन्सन समाधानाने सांगतो, की हा बनाव होता. प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो. शंका घेणाऱ्याला त्याची शंका खरी ठरल्याचं बक्षीस मिळतं. आणि तो सैल झाला, की मग खरं भूत येतं. शेवटी घरातले दिवे जातात, सारा ग्रीन अंधारात नाहीशी होते, आणि स्टुडिओतले तज्ज्ञ सांगतात की देशभर एकाच वेळी इतकी माणसं एकाच गोष्टीकडे बघत बसल्यामुळे हे एक प्रचंड प्लँचेटच झालं आणि ते आम्हीच घडवलं. रिकाम्या स्टुडिओत पार्किन्सन एकटा, आणि त्याच्या तोंडून भुताचा आवाज येतो.

सुमारे एक कोटी दहा लाख लोकांनी हे पाहिलं.

आता परिणाम. इथे हसू थांबतं. १९९४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉक्टरांनी दहा वर्षांच्या दोन मुलांची नोंद प्रसिद्ध केली. कार्यक्रम पाहिल्यानंतर त्यांना आघातानंतरच्या मानसिक विकाराची लक्षणं दिसत होती : झोप नाही, एकटं राहवत नाही, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे. आणि त्याहून गंभीर : कार्यक्रमानंतर पाच दिवसांनी अठरा वर्षांच्या एका मुलाने जीव दिला. त्याला शिकण्यात आणि समजण्यात अडचणी होत्या. घरातले गरम पाण्याचे पाइप वाजायचे आणि त्या भुताचं कार्यक्रमातलं नावही ‘पाइप्स’ होतं. त्याच्या आईवडिलांनी तक्रार केली. ती ऐकून घेतली जावी म्हणूनच त्यांना न्यायालयात जावं लागलं. १९९५ साली ब्रिटनच्या प्रसारण मानक परिषदेने निर्णय दिला, की हे खरं नाही असं नुसतं सुचवून बीबीसीची जबाबदारी संपत नव्हती, त्याहून जास्त करायला हवं होतं. मुलांच्या ओळखीचे निवेदक दिसल्यामुळे पालक गाफील राहिले, हेही परिषदेने नोंदवलं. बीबीसीने तो कार्यक्रम ब्रिटनमध्ये पुन्हा कधी दाखवला नाही.

तुमच्यापैकी काही जणांच्या मनात आता ऑर्सन वेल्स आला असेल. ३० ऑक्टोबर १९३८, अमेरिकेत सीबीएस रेडिओवर ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’, मंगळावरून हल्ला झाल्याच्या बातम्या, आणि सगळा देश रस्त्यावर. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. पण पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलंय, की ती घबराट वर्तमानपत्रांनी फार फुगवली होती. ऐकणारे मुळात थोडे होते. रेडिओ जाहिराती पळवत होता आणि रेडिओ बेजबाबदार आहे हे दाखवणं छापील पत्रांच्या सोयीचं होतं. म्हणजे बघा, घबराटीबद्दलची बातमी हीच आपण ऐंशी वर्षं न तपासता खरी मानत आलो! रेडिओवर विश्वास ठेवणाऱ्यांना आपण हसलो, आणि आपण विश्वास ठेवला वर्तमानपत्रावर.

इथे आपण तत्त्वज्ञानाकडे वळू. घाबरू नका, फार खोलात जात नाही.

गौतमाच्या न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं चार मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं चौथं, शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं. अशा माणसाला ‘आप्त’ म्हणायचं. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक, शास्त्रात आप्त म्हणजे ज्याला विषय स्वतः माहीत आहे आणि जसा माहीत आहे तसाच सांगायची ज्याची इच्छा आहे असा माणूस. वात्स्यायन भाष्यात एक सुंदर गोष्ट म्हणतो : हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेच्छांना सारखंच लागू आहे. जात नाही, वेष नाही, पदवी नाही. माहिती आणि प्रामाणिकपणा, बस.

चार्वाकांना हे मान्य नव्हतं. बौद्ध आणि वैशेषिक म्हणाले, शब्द हे वेगळं प्रमाण नाही, तो अनुमानाचाच प्रकार. पण व्यवहारात बघा. तुमची जन्मतारीख तुम्हाला कशी माहीत? आईने सांगितली म्हणून. अंटार्क्टिका आहे हे कशावरून? पुस्तकात आहे म्हणून. आपल्या डोक्यातलं बहुतेक ज्ञान दुसऱ्याच्या सांगण्यावर उभं आहे. जो माणूस शब्दप्रमाण पूर्ण नाकारेल त्याला संध्याकाळी पीएमपीच्या बसमध्येसुद्धा बसता येणार नाही, कारण पाटीवर ‘कोथरूड डेपो’ लिहिलंय त्याला पुरावा काय?

म्हणून ‘घोस्टवॉच’च्या प्रेक्षकाला भोळा म्हणू नका. तो रोज जे करत होता तेच त्याने त्या रात्री केलं : आप्ताचं ऐकलं. गडबड अशी, की आप्ताचा चेहरा तोच होता, आवाज तोच होता, पण त्या रात्री तो दुसऱ्याने लिहिलेले संवाद बोलत होता. आपण आप्ताला ओळखतो कसा? त्याच्या मनात शिरून नाही. बाहेरच्या खुणांवरून. आवाज, खुर्ची, मागचा पडदा, कोपऱ्यातलं बोधचिन्ह. या खुणा उसन्या घेता येतात. आणि पाटीचं म्हणाल, तर पाटी हे एक वाक्य असतं. विश्वास ही वीस वर्षांची सवय असते. एका वाक्याने सवय मोडत नाही.

पुणेकराला हे समजायला लंडनला जायची गरज नाही. शनिवारवाड्याची गोष्ट घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, हा इतिहास. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं, हा इतिहास. पुढे ‘ध’चा ‘मा’ झाला, ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, ही आख्यायिका. आणि अमावास्या-पौर्णिमेला ‘काका, मला वाचवा’ ऐकू येतं, ही भुताची गोष्ट. आख्यायिकेत काय आहे बघा : कागद खरा, सही खरी, शिक्का खरा, फक्त एक अक्षर बदललेलं. खोट्याला उभं राहायला चारी बाजूंनी खऱ्याचा आधार लागतो. ‘घोस्टवॉच’ हा त्याच जातीचा कागद होता.

आता पुण्यातलंच एक प्रकरण सांगतो, जे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. १८८४ चा जन्म, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट, जातिसंस्थेच्या इतिहासावरचं काम, आणि परत येऊन महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड. मराठी माणसाने जगाबद्दल जे जे जाणावं ते त्याच्या भाषेत एका ठिकाणी असावं, ही ती जिद्द. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई, मूळच्या इडिथ कोन, युरोपातल्या ज्यू कुटुंबातल्या. शीलवतीबाईंची बहीण कोनबाई इथे डेक्कन कॉलेजात युरोपीय भाषा शिकवत.

विसाच्या दशकाच्या शेवटी केतकरांच्या घरात विचित्र घटना घडत असल्याचं कोनबाईंनी लिहून ठेवलं आहे. घरात वाढणाऱ्या एका लहान मुलाच्या आसपास वस्तू हलतात, फेकल्या जातात, नाणी पडतात. कोनबाईंनी रोजनिशीसारख्या नोंदी ठेवल्या, त्या लंडनला हॅरी प्राइस नावाच्या प्रसिद्ध भूतसंशोधकाकडे पोचल्या, आणि १९३० साली ते वृत्तांत इंग्रजीत छापून आले. परदेशी पुस्तकांत या प्रकरणाला पुण्याचं ‘पोल्टरगाइस्ट’ म्हणतात. पोल्टरगाइस्ट म्हणजे आदळआपट करणारं भूत, आपल्याकडे मराठवाड्यात ज्याला भानामती म्हणतात त्याचाच भाऊ.

हे प्रकरण मला का महत्त्वाचं वाटतं? भूत होतं की नव्हतं यासाठी नाही. साक्षीदार कोण आहेत ते बघा. कॉलेजात शिकवणारी बाई. सुशिक्षित, बहुभाषिक, सरळ मनाची. शास्त्राच्या व्याख्येत बसणारी आप्त. आणि घर कोणाचं? ज्याने मराठीला तपासलेल्या माहितीचा पहिला मोठा कोश दिला त्याचं. एका घरात जवळपास त्याच वर्षांत दोन प्रकारचं लेखन झालं. एक ज्ञानकोश : ज्यात प्रत्येक नोंदीमागे अनेक लेखक, अनेक ग्रंथ, आणि चूक निघाली तर ती दाखवायला वाचक मोकळा. दुसरं ती रोजनिशी : प्रामाणिक, तपशीलवार, पण एका बाजूने लिहिलेली. लंडनमध्ये बसलेल्या वाचकाला ती तपासण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

फरक प्रामाणिकपणाचा नाही. तपासणीच्या वाटेचा आहे. हा मुद्दा मनात ठेवा, कारण माझं आजचं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे.

आपल्या परंपरेत यावर एक जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते खरं मानूनच आपण चालतो. त्याला खोटं ठरवणारं दुसरं ज्ञान आलं, तरच ते सोडतो. याला स्वतःप्रामाण्य म्हणायचं. नैयायिक म्हणतात, नाही, ज्ञान खरं आहे की नाही हे बाहेरून पडताळून ठरतं. याला परतःप्रामाण्य म्हणायचं. मी चाळीसेक वर्षं वर्गात हा वाद शिकवला. माझं मत असं झालंय, की माणूस जगतो मीमांसकासारखा. ऐकलं की विश्वास ठेवतो. म्हणून सगळा भार येतो तो त्या दुसऱ्या ज्ञानावर, ज्याला शास्त्रात ‘बाधक’ म्हणतात. दोरीला साप समजलात, दिवा आणलात, दोरी दिसली. दिवा हा बाधक. दिवा हाताशी असेल तर साप दिसण्यात फार मोठं नुकसान नाही.

आता ‘घोस्टवॉच’कडे परत या आणि विचारा : त्या रात्री दिवा कुठे होता?

फोनमध्ये होता. पडद्यावरचा नंबर हा बीबीसीचा खराखुरा नेहमीचा नंबर होता. त्यावर फोन लावणाऱ्याला आधी सांगितलं जाणार होतं, की हा काल्पनिक कार्यक्रम आहे. व्यवस्था चांगली होती. पण इतक्या लोकांनी एकदम फोन लावले की लाइनी तुंबल्या. बहुतेकांना ऐकू आला तो फक्त ‘व्यस्त’चा सूर. आता त्या प्रेक्षकाच्या जागी बसा. तुम्हाला शंका आली. तुम्ही शहाण्या माणसासारखं पडताळायला गेलात. आणि नंबर लागेना! मग मनात काय येणार? की सगळ्या देशात काहीतरी चाललंय. पडताळणी अडली आणि ते अडणंच पुरावा बनलं.

माझ्या मते तिथली खरी चूक भूत दाखवण्यात नव्हती. नारायण धारपांनी आयुष्यभर भुतं लिहिली, आपण ती रात्री दिवा लावून वाचली, कोणाचं काही बिघडलं नाही, कारण पुस्तक मिटता येतं आणि मुखपृष्ठावर लेखकाचं नाव असतं. चूक होती दोन गोष्टी एकत्र करण्यात : आप्ताचा आवाज वापरायचा, आणि बाधकाची वाट अरुंद ठेवायची. दिग्दर्शिकेच्या आणि लेखकाच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. पण एका घरातल्या आईवडिलांना आपली तक्रार ऐकून घेतली जावी एवढ्यासाठी न्यायालयापर्यंत जावं लागलं, हे विसरून त्या कौशल्याला टाळी देता येत नाही.

कोणी विचारेल, की मग प्रत्यक्ष बघावं आणि ठरवावं, शब्दावर कशाला जायचं? त्यासाठी २१ सप्टेंबर १९९५ आठवा. इथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांना आठवत असेल. पहाटे दिल्लीत सुरू झालं आणि दुपारपर्यंत देशभर, अगदी लंडनच्या देवळांपर्यंत : गणपती दूध पितो. पुण्यातही देवळांपुढे रांगा लागल्या. इथे तर कोणी कोणाला सांगण्याची गरज नव्हती. चमचा तुमच्या हातात, दूध तुमचं, मूर्ती तुमच्यासमोर. दूध खरंच कमी होत होतं! प्रत्यक्ष प्रमाण. आणि तरी निष्कर्ष चुकीचा होता, कारण काठाला टेकलेल्या चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे वर ओढलं जात होतं आणि पातळ थराने मूर्तीच्या अंगावरून खाली उतरत होतं. दिल्लीत शास्त्रज्ञांनी काय केलं? वाद घातला नाही. दुधात रंग मिसळला. रंगीत ओघळ सगळ्यांना दिसला. हा दिवा. हा बाधक. साधा, स्वस्त, सगळ्यांसमोर, आणि कोणालाही घरी करून बघता येईल असा.

शंका घेणं आणि माणसाचा अपमान करणं यातला फरकही इथेच शिकता येतो. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी भानामतीची कितीतरी प्रकरणं हाताळली. त्यांची पद्धत अशी होती, की घरातलं कोण हे करतंय हे शोधायचं, पण त्याचं नाव चारचौघांत फोडायचं नाही. कारण बहुतेक वेळा ती व्यक्ती आतून कशाने तरी कोंडलेली असते : नको असलेलं लग्न, शाळेचा ताण, घरातली उपेक्षा. तिच्याशी बोलायचं, प्रकार थांबवायचे, घर सावरायचं. केतकरांच्या घरातल्या त्या मुलाची गोष्ट वाचताना मला हे नेहमी आठवतं. सगळ्यांनी त्याच्याभोवतीची नाणी मोजली. त्याला काय वाटत होतं हे कोणी विचारलं का, ते त्या वृत्तांताच्या केंद्रस्थानी नाही. ‘घोस्टवॉच’मध्येही पकडल्या गेलेल्या मुलीला कॅमेऱ्यासमोर उघडं पाडतात. दाभोलकरांना याच शहरात २० ऑगस्ट २०१३ रोजी गोळ्या घातल्या गेल्या. दिवा धरणं हे आपल्याकडे धोक्याचं काम आहे, हे हॅलोविनच्या गमतीजमतीत विसरू नये.

आता शेवटचा भाग, आणि हा मुख्यतः माझ्या वयाच्या श्रोत्यांसाठी.

तरुण मुलं विचारतात, आज असा कार्यक्रम कोणाला फसवेल? टीव्ही कोण बघतो? मी म्हणतो, तो कार्यक्रम आज रोज चालू आहे, फक्त प्रेक्षक एकच असतो. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार तुम्ही ऐकला असेल. व्हिडिओ कॉल येतो. समोर पोलिसाच्या गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर फायली. कधी न्यायालयाचा देखावा, काळ्या कोटातला न्यायाधीश. तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, तुमच्या खात्यातून काळा पैसा गेलाय. तुम्ही अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मधून याबद्दल सावध केलं होतं. तरी आयुष्यभर हिशेब चोख ठेवलेली, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली माणसं यात सर्व बचत गमावतात, आणि मग आपणच त्यांना म्हणतो, “इतके कसे भोळे?”

बघा, रचना तीच आहे. आप्ताच्या खुणा उसन्या घेतलेल्या : गणवेश, शिक्का, सरकारी भाषा. आता तर ओळखीच्या माणसाचा आवाजही यंत्राने तयार करता येतो; नातू अडचणीत आहे असं नातवाच्याच आवाजात ऐकू येतं. आणि दुसरी गोष्ट, जास्त महत्त्वाची : फोन ठेवायचा नाही, कोणाला सांगायचं नाही, खोलीचं दार बंद करा. १९९२ साली दिव्याची वाट गर्दीने तुंबली होती, निदान मुद्दाम कोणी बंद केली नव्हती. इथे ती जाणूनबुजून बंद करतात. फसवणाऱ्याला नेमकं माहीत असतं की त्याचं नाटक फार चांगलं नाही, बायकोने दार उघडून “कोणाशी बोलताय?” एवढं विचारलं तरी ते कोसळेल.

यातून मी जो नियम काढतो तो असा. ‘कोणावरही विश्वास ठेवू नका’ हा सल्ला निरुपयोगी आहे. तो पाळता येत नाही, आणि पाळला तर माणूस एकटा पडतो; एकटा माणूस सर्वांत लवकर फसतो. विश्वास ठेवा, पण सांगणाऱ्याकडे एक गोष्ट तपासा : तो मला पडताळायला मोकळं सोडतोय का? खरा पोलीस म्हणेल, चौकीवर या. खरा डॉक्टर म्हणेल, दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. खरा इतिहासकार म्हणेल, कागद बघा. जो म्हणेल की आत्ता, इथेच, कोणाला न विचारता ठरवा, तो कितीही ओळखीच्या आवाजात बोलत असला तरी त्या क्षणापुरता तो आप्त नाही. न्यायशास्त्राच्या लक्षणात मी आजच्या काळासाठी एवढी एकच भर घालेन.

तेव्हा असा कॉल आला तर फोन ठेवा. दुसऱ्या फोनवरून मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला फोन करा. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि तरुण मित्रहो, आजी-आजोबांनी दिवसातून तिसऱ्यांदा फोन करून “अरे, हा मेसेज खरा आहे का रे?” असं विचारलं, तर वैतागू नका. ती माणसं पडताळणी करतायत आणि दिवा म्हणून त्यांनी तुम्हाला निवडलंय. तुमचा फोन तेव्हा व्यस्त लागू नये, एवढंच बघा.

प्रश्नांसाठी वेळ ठेवलाय, जरूर विचारा. मी जे सांगितलं त्यातलंही तपासून घ्या.